क्रेफिश दर वेळी कात टाकतानाच मरतो? औषधाआधी पाणी मोजा

टाकीत चार महिने उत्तम चाललेला क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला नांग्यांचा, झिंग्यासारखा प्राणी. खाणं जोरात, नांग्या उगारून काचेवर धावून येणं, रात्रभर खडीची हलवाहलव. मग एकाएकी खाणं बंद होतं, तीन-चार दिवस तो लपायच्या पाईपाबाहेर येत नाही, आणि एका सकाळी अर्धा कवचात, अर्धा बाहेर असा आडवा पडलेला दिसतो. दुसरा आणला, तोही तसाच गेला. तिसऱ्याच्या वेळी दुकानदार कॅल्शियमची बाटली हातात ठेवतो.

त्या बाटलीने प्रश्न सुटेलच असं नाही. सांगली-मिरजेकडच्या कितीतरी बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, तोटीवर पांढरा थर चढतो. म्हणजे त्या पाण्यात कॅल्शियम भरपूर आहे. तरी त्याच पाण्यात क्रेफिश कात अडकून मरतो. कॅल्शियमची कमतरता हे एक कारण झालं. आपल्याकडे त्याहून जास्त घात करतो तो पाण्यातला अचानक बदल: उन्हाळाभर टाकीत हळूहळू साचलेले क्षार, आणि जूनमध्ये एका दिवसात बदललेलं अर्धं पाणी. त्यातच मे महिन्याची गरमी आणि गेलेली लाईट यांची भर पडते.

इथलं सगळं मोठ्या जातींबद्दल आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातला रेडक्लॉ, म्हणजे चेरॅक्स क्वाड्रिकॅरिनेटस, २५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि नर अर्ध्या किलोपर्यंत भरतो. मोठ्या नराच्या नांगीच्या बाहेरच्या कडेला लाल मऊ पट्टा असतो. दुकानात ‘ब्लू लॉबस्टर’ नावाने मिळणारा प्राणी बहुधा हा तरी असतो, नाहीतर अमेरिकेतला प्रोकॅम्बॅरस क्लार्की किंवा अ‍ॅलेनी. ते दोघे १२-१५ सेंटिमीटरवर थांबतात. कोणता आहे ते आधी ओळखा, कारण रेडक्लॉ ३० अंशांच्या पाण्यात मजेत असतो, अमेरिकन मात्र त्या पाण्यात थकतात. दोन्ही एका टाकीत कधीच ठेवू नका. अमेरिकन जाती क्रेफिश प्लेग हा बुरशीसारख्या जंतूचा रोग अंगावर घेऊन हिंडतात, त्यांना फारसं काही होत नाही, ऑस्ट्रेलियन मात्र त्याने मरतात.

खरंच मेलाय का?

प्रश्न बावळट वाटेल, पण विचारायलाच हवा. टाकलेली कात हुबेहूब क्रेफिशसारखी दिसते: डोळे, मिशा, पाय, नांग्या, सगळं जागच्या जागी. कात हलकी असते, पाण्याच्या प्रवाहाबरोबर डुलते, उजेडात धरली तर आरपार दिसतं, आणि पाठीचं कवच जिथे शेपटीला मिळतं तिथे फट उघडी असते. मेलेला प्राणी जड असतो, रंग गुलाबी-नारिंगीकडे झुकतो आणि काही तासांतच वास मारायला लागतो. कात दिसली की ती बाहेर काढू नका. पुढचे काही दिवस तो ती कुरतडून खातो आणि त्यातलं थोडं कॅल्शियम परत मिळवतो. ‘मेला’ म्हणून कात फेकायची आणि त्याच दिवशी टाकी धुऊन काढायची, या गडबडीत पाईपात मऊ होऊन बसलेला जिवंत क्रेफिश हकनाक मरतो.

कात टाकताना आत काय चालतं

जुनं कवच टाकण्याआधी क्रेफिश त्यातलं थोडं कॅल्शियम परत रक्तात ओढतो आणि जठराच्या भिंतीत दोन पांढऱ्या गोट्यांच्या रूपात साठवतो. कात पडल्यावर या गोट्या पोटात विरघळतात आणि त्यातून आधी जबडा वगैरे अत्यावश्यक भाग कडक होतात. बाकीच्या कवचाला हा साठा पुरत नाही. ते कॅल्शियम त्याला कल्ल्यांतून, थेट पाण्यातून खेचावं लागतं. आणि नुसतं कॅल्शियम मिळून भागत नाही. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं बनतं, त्यामुळे पाण्यात बायकार्बोनेटही लागतं. टेस्ट किटच्या भाषेत जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा) आणि केएच (बायकार्बोनेट) दोन्ही. फक्त जीएच वाढवून केएच १-२ वर ठेवला तर पाण्याचा पीएच घसरतो आणि कॅल्शियम असूनही ते अंगात जात नाही.

दुसरी गोष्ट श्वासाची. कात म्हणजे फक्त बाहेरचं टरफल नाही; कल्ल्यांवरचं पातळ आवरण आणि पोटाचं अस्तरसुद्धा त्याबरोबर निघतं. त्या काही मिनिटांत श्वास नीट चालत नाही आणि ताकद मात्र सगळ्यात जास्त लागते. पाण्यात ऑक्सिजन कमी असेल तर धडधाकट प्राणीही अर्ध्यावर दमतो. धडधाकट मोठ्या क्रेफिशची कात पाच-दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात निघते. तीन तास झाले तरी अडकलेला दिसला तर काहीतरी बिघडलेलं आहे.

पिल्लं दोन-तीन आठवड्यांनी कात टाकतात, पूर्ण वाढलेला वर्षातून दोन-तीनदा. म्हणून टाकीतली चूक चार महिने झाकून राहते.

मेलेला पाहून कारण ओळखणं

पाठीचं कवच मागून उचललेलं, अंग थोडंसं बाहेर, नांग्या आत अडकलेल्या: कात वेळेआधी ढकलली गेली, किंवा ताकद अथवा ऑक्सिजन कमी पडला. गेल्या चार-पाच दिवसांत मोठं पाणी बदललं होतं का, ते आठवा.

पूर्ण बाहेर आलाय, अंग शाबूत आणि मऊ, पण काही तासांत मेला: ऑक्सिजन, अमोनिया किंवा नायट्राइट. त्याच दिवशी टेस्ट करा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत, ‘थोडंसं आहे’ हे चालत नाही.

कात नीट निघाली, पण आठवडा उलटल्यावरही पाठ बोटाने दाबली तर आत जाते, चालताना पाय वाकतात: इथे मात्र खरोखर कॅल्शियम किंवा केएच कमी आहे. आरओचं पाणी किंवा साताऱ्याच्या कास तलावाचं मऊ पाणी असेल तर पहिला संशय यावरच घ्या.

पाय कुरतडलेले, शेपटीचं मांस गायब: सोबत्याने खाल्ला. इथे पाण्याचा दोष नाही.

कातेचं कसलंच लक्षण नाही, पण उताणा पडून पाय थरथरतात, मध्येच शेपटी झटकून टाकीभर उसळतो: विष. तांबं किंवा कीटकनाशक. त्याबद्दल खाली.

पाणी कुठून येतं, त्यावर सगळं

सातारा शहराच्या बऱ्याच भागाला कास तलावाचं पाणी येतं. कासचं पठार जांभ्याचं; त्यावर पडून तलावात उतरलेल्या पावसाच्या पाण्यात क्षार थोडेच असतात. चहाला, डाळीला झकास, क्रेफिशला अपुरं. सांगलीत पालिकेचं पाणी कृष्णेचं, ते ऋतूप्रमाणे बदलतं: मे महिन्यात आटलेल्या नदीचं जड, जुलै-ऑगस्टच्या पुरात पातळ झालेलं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे बोअर, आणि तीही जड. वाळवा, पलूस, मिरजेच्या ऊसपट्ट्यात जमिनी खारपड झाल्यात, तिथल्या विहिरीत कॅल्शियमबरोबर सोडियमही भरपूर.

म्हणून टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो सगळे क्षार एकत्र, लिटरला किती मिलिग्रॅम असे मोजतो. त्यात कॅल्शियम किती आणि मीठ किती हे त्याला कळत नाही. खारपड पट्ट्यातलं १५०० टीडीएसचं पाणी जीएचमध्ये साधारणच निघू शकतं. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे बंगल्याच्या टाकीवर बसवलेलं सॉफ्टनर. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतं. टीडीएस होता तेवढाच राहतो, जीएच जवळजवळ शून्यावर येतो. मीटर ७०० दाखवतो, मालक निश्चिंत, आणि क्रेफिशचं कवच आठवडा झाला तरी कडक होत नाही. घरात सॉफ्टनर असेल तर त्याच्या आधीच्या नळातून पाणी घ्या.

जीएच-केएचचं थेंबवालं किट घ्या, पट्टीवालं नको. परीक्षानळीत ५ मिली पाणी, एकेक थेंब टाकून हलवायचं, रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे; बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक अंश. जीएच ८ ते १५, केएच ५ ते १०, पीएच ७.२ ते ८.२ या पट्ट्यात कुठेही असला तरी चालतो. नेमका आकडा गाठण्यापेक्षा तो महिनाभर जागेवर राहणं जास्त महत्त्वाचं. जीएच १८ वर स्थिर असलेल्या टाकीत क्रेफिश नीट कात टाकतो. २० वरून एका दुपारी ८ वर आणलेल्या टाकीत मरतो.

आता उन्हाळ्याचा हिशेब बघा. १५० लिटरची टाकी, वर जाळीचं झाकण, खोलीत पंखा. मार्च ते मे रोज २ लिटर पाणी सहज उडून जातं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार टाकीतच राहतात. ती भर तुम्ही ८०० टीडीएसच्या बोअरच्या पाण्याने केली, तर दोन महिन्यांत १२० लिटर पाणी आणि त्याबरोबर ९६ ग्रॅम क्षार आत गेले. १५० लिटरमध्ये वाटले तर टीडीएस ६४० ने वर. ८०० ची टाकी १४०० पार झाली, आणि हे इतकं हळू झालं की क्रेफिशने जुळवून घेतलं. मग जून येतो, नळाला गढूळ का होईना भरपूर पाणी येतं, टाकीवर शेवाळ दिसतं म्हणून एका रविवारी अर्धं पाणी उपसून नवं भरलं जातं. टीडीएस एका तासात १४०० वरून ११०० वर किंवा त्याहूनही खाली. त्या धक्क्याने तयारी अर्धवट असलेली कात वेळेआधीच ढकलली जाते आणि तीन-चार दिवसांनी प्राणी अडकलेला सापडतो. दोष पावसाचा वाटतो, पण त्याची सुरुवात मार्चमध्येच झालेली असते.

उपाय साधा आहे: उडालेलं पाणी आरओच्या किंवा गाळलेल्या पावसाच्या पाण्याने भरायचं, कारण त्यात क्षार नाहीत. पाणी बदलायचं असेल तेव्हाच नेहमीचं पाणी वापरायचं. भर घालणं आणि पाणी बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे एवढं पाळलं तरी जूनमधली अर्धी मरतूक टळेल. टाकीवर बाहेरून मार्करने पातळीची रेघ मारून ठेवा, म्हणजे किती उडालं ते कळतं.

टाकी आधीच १४०० वर गेली असेल तर घाई नको. दर तिसऱ्या दिवशी १० टक्के पाणी, तेही बादलीतून एअरलाईनच्या नळीने थेंबथेंब सोडून. तीन-चार आठवडे लागतात. त्यानंतर आठवड्याला १५ ते २० टक्के. नव्या पाण्याचं तापमान टाकीपेक्षा २ अंशांहून जास्त वेगळं नको.

क्षार वाढवायचे असतील तर

आरओ किंवा कासचं पाणी असेल आणि जवळ गोड्या चवीचं जड बोअर असेल, तर पुड्यांच्या भानगडीत पडू नका, सरळ मिसळा. बोअरचा जीएच २४ आणि आरओचा शून्य असेल तर एक भाग बोअर, दोन भाग आरओ, झाला जीएच ८. खारं बोअर मात्र नको.

बोअर नसेल तर १०० लिटर आरओ पाण्याला: शुद्ध जिप्सम १८ ग्रॅम, एप्सम सॉल्ट ९ ग्रॅम, खाण्याचा सोडा १५ ग्रॅम. यातून जीएच ८ आणि केएच ५ येतो. सुटं गणित लागलं तर १०० लिटरला जीएच १ अंशाने वाढवायला जिप्सम ३.१ ग्रॅम किंवा एप्सम ४.४ ग्रॅम, आणि केएच १ अंशाने वाढवायला सोडा ३ ग्रॅम. मोजायला सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या, चमच्याचा अंदाज नको. जिप्सम पटकन विरघळत नाही: लिटरभर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम. १८ ग्रॅमला १० लिटरची बादली घ्या, एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडून रात्रभर फिरू द्या. ही मिश्रणं नव्या पाण्यात करायची. चालू टाकीत जीएच दिवसाला एक, फार तर दोन अंशांनीच चढू द्या.

साहित्याबाबत चार सूचना, कारण इथेच चुका होतात. उसाच्या खारपड जमिनीत टाकायचं पोत्यातलं जिप्सम वापरू नका, त्यात माती आणि आणखी काय काय असतं. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम नव्हे. कृषी सेवा केंद्रातलं साधं मॅग्नेशियम सल्फेट चालतं, पण त्याच फळीवरचं ‘मायक्रोन्यूट्रिएंट’चं पाकीट नको, त्यात जस्त आणि तांबं असतं. आणि सोडा म्हणजे खाण्याचाच. धुण्याचा नको, पापडखार तर नकोच.

पानाचा चुना पाण्यात कालवून घालण्याचा सल्लाही कानावर येतो. चुन्याच्या निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. टाकीचा पीएच एकदम उसळला की असलेला निरुपद्रवी अमोनियम विषारी अमोनियात बदलतो, आणि क्रेफिश तासाभरात जातो. चुना भिंतीला ठीक आहे.

समुद्रफेस मात्र कामाचा. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. पाठीचा कडक पापुद्रा काढून तुकडा टाकीत ठेवला तर क्रेफिश तो कुरतडून खातो. पोल्ट्रीच्या खाद्याच्या दुकानातला शिंपल्यांचा चुरा धुऊन, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवला तर पीएच घसरायला लागल्यावर तो आपोआप विरघळतो. पीएच ७.५ च्या वर असेल तर तो जवळपास विरघळतच नाही, म्हणून त्याच्यावर जीएच वाढवायची आशा ठेवू नका. तो फक्त घसरणीला टेकू आहे. अंड्याची टरफलंही तशीच. आयोडीनच्या थेंबांची आजकाल बरीच हवा आहे. गोड्या पाण्यातल्या क्रेफिशला त्यांची गरज नाही, आणि थेंब जास्त झाले तर विषच.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, पावसाळ्यात तो जास्त टाकला जातो. तो काढायला मत्स्यालयाच्या दुकानातल्या हायपोचे खडे १०० लिटरला १ ग्रॅम पुरतात. नळाला ब्लीचिंगचा उग्र वास येत असेल त्या दिवशी पाणी बदलूच नका.

मे महिना

२० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. तेही समुद्रसपाटीला, आपल्या उंचीवर आणखी थोडा कमी. इकडे गरम पाण्यात क्रेफिशचं शरीर जोरात चालतं, भूक वाढते, काता लवकर येतात, श्वास जास्त लागतो. सांगलीत दुपारी ४० अंश असताना गच्चीखालच्या खोलीतली टाकी ३३ वर जाते. रेडक्लॉ तग धरतो, अमेरिकन जातींना मात्र हे झेपत नाही.

टाकी खालच्या मजल्यावर, पूर्व-उत्तरेच्या भिंतीला ठेवा. पाण्यावर छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात. त्याबरोबर पाणीही दुप्पट उडतं, म्हणून वरचा आरओच्या भरीचा नियम इथे दुप्पट लागू. बर्फाच्या बाटल्यांचा फार उपयोग नाही: गोठवलेली एक लिटरची बाटली १५० लिटर पाणी जेमतेम पाऊण अंशाने उतरवते, आणि दिवसातून चार वेळा वर-खाली होणारं तापमान गरमीपेक्षा वाईट.

हवेची सोय दुहेरी असू द्या. स्पंज फिल्टर एका पंपावर, एअर स्टोन दुसऱ्यावर, आणि त्यातला एक बॅटरी-बॅकअपचा, लाईट गेली की आपोआप सुरू होणारा. हँग-ऑन (काचेला टांगलेला) किंवा कॅनिस्टर (बंद डब्याचा) फिल्टर असेल तर पाण्याची पातळी दोन इंच खाली ठेवून धार वरून पडू द्या. फिल्टर चार तास बंद राहिला तर कॅनिस्टरमधलं पाणी कुजतं. लाईट आल्यावर ते पाणी आधी बाहेर ओता, मगच चालू करा.

साताऱ्यात उलटी तऱ्हा. डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी १६-१७ वर येतं, रेडक्लॉ खाणं सोडतो आणि काता लांबतात. हीटर २४ वर लावा, पण भोकं पाडलेल्या पीव्हीसी नळीत घालून. उघडी काच तो नांगीने फोडतो.

तांबं, फवारणी आणि डासांचं मशीन

क्रेफिशचं रक्त निळसर दिसतं ते त्यातल्या तांब्यामुळे, पण पाण्यात विरघळलेलं तांबं त्याचे कल्ले जाळतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची आणि गोगलगाय मारायची बरीच औषधं तांब्याची असतात. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी आणि गीझरचं पाणी टाकीत नको. तासगाव-पलूसकडे द्राक्षबागेसाठी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण ज्या बादलीत कालवलं, ती बादली कितीही घासली तरी टाकीच्या कामाची नाही. क्रेफिशची बादली वेगळी, तिच्यावर रंगाने खूण, आणि ती घरात.

कीटकनाशकं याहून वाईट. क्रेफिश हा किड्यांचाच चुलतभाऊ, त्यामुळे किड्यांवर चालणारं औषध त्याच्यावर दुप्पट चालतं. डासांच्या लिक्विड मशीनमध्ये, कॉईलमध्ये आणि झुरळांच्या स्प्रेत पायरेथ्रॉइड असतं. ते मशीन आणि एअर पंप एकाच प्लगबोर्डवर असतील तर पंप रात्रभर तीच हवा शोषून पाण्यात बुडबुड्यांनी सोडतो. मासे ठीक दिसतात आणि क्रेफिश उताणा. टाकीच्या खोलीत मशीन नको, मच्छरदाणी लावा. पालिकेची धुराची गाडी येणार असेल तेव्हा खिडक्या बंद, टाकीवर प्लास्टिक, पंप तासभर बंद.

विषाची लक्षणं दिसली तर जुळवलेल्या पाण्याने अर्धं पाणी बदला आणि १०० लिटरला १०० ग्रॅम धुतलेला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन फिल्टरमध्ये घाला. मोठं पाणी एकदम न बदलण्याचा नियम इथे मोडायचा, पण टीडीएस आणि तापमान जुळवूनच.

टाकी आणि सोबती

मोठ्या रेडक्लॉला ४ फूट बाय दीड फुटाची टाकी, एकाला एक. अमेरिकन जातीला ३ फुटांची चालते. कात टाकलेला क्रेफिश शेजाऱ्याच्या दृष्टीने नुसतं मांस असतो, सख्ख्या जोडीदाराच्यासुद्धा. नर-मादी हवी असेल तर मधे भोकांची अ‍ॅक्रिलिक पट्टी. तिलापिया, सिक्लिड, सकर मासा हे कात टाकताना त्याला कुरतडतात; इतर वेळी तोच त्यांना खातो.

२० सेंटिमीटरच्या प्राण्याला ११० मिमीचा पीव्हीसी पाईप, ३० सेंटिमीटर लांब. १२ सेंटिमीटरच्याला ७५ मिमी. आतून खरखरीत पॉलिश पेपर मारा. गुळगुळीत पाईप आणि नुसती काच यांवर पायांना पकड मिळत नाही, आणि कातेतून अंग ओढून काढायला पकड लागते. तळाला ३-५ मिमीची नदीची खडी, दोन इंच. झाकण जड, एअरलाईन आणि वायरीसाठी कापलेल्या भोकांसकट बंद. क्रेफिश त्याच नळीला धरून वर चढतो.

खाणं

बुडणाऱ्या गोळ्या आठवड्यातून तीनदा, एका मोठ्या प्राण्याला दोन-तीनच. मधल्या दिवशी उकडलेला वाटाणा, गाजर, दोडका, शेवग्याचा पाला. देशी बदामाची वाळलेली दोन पानं कायम टाकीत असू द्या. पालक अधूनमधून ठीक, पण कॅल्शियमसाठी नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. बाजारातला सुका जवळा उत्तम, चिमूटभर. आधी दोनदा पाण्यात भिजवून मीठ काढा. राहिलेलं खाणं सकाळी काढायचं. अमोनियाचा उगम बहुधा हेच खाणं असतं.

काता येण्याच्या दिवशी

खाणं बंद, पाठ आणि शेपटी यांच्यातली रेघ रुंद आणि फिकट, रंग मंद, पाईपाचं तोंड खडीने बुजवलेलं: आठवडाभरात कात. आता पाणी बदलायचं नाही, फिल्टर धुवायचा नाही, टाकीची जागा हलवायची नाही. खाणं टाकायचं नाही. लाईट बंद, काचेवर वर्तमानपत्र, दुसरा एअर स्टोन चालू. उडालेलं पाणी तेवढं आरओने भरा.

आडवा किंवा उताणा पडला म्हणून हात घालू नका, कात अशीच पडून टाकतात. अर्ध्या तासाने अडकलेला वाटला तरी ओढू नका: नवं अंग लोण्यासारखं मऊ असतं, कल्ले उपटून येतात. हवा वाढवा, एअर स्टोन त्याच्या जवळ सरकवा, एवढंच. त्या घटकेला कॅल्शियम, मीठ, औषध काहीही घालू नका. ते आता कवचात जाणार नाही, फक्त पाणी बदलेल.

धड सुटलं आणि एक नांगी अडकली, असं बऱ्याचदा होतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत वाट पाहा. बहुधा तो ती नांगी सांध्यावरच सोडून देतो, जखम लगेच बंद होते. तुम्ही कात्रीने कापलीत तर रक्त थांबत नाही.

नंतर तीन दिवस त्याला पाईपात राहू द्या, कात त्याच्याजवळ. चौथ्या दिवशी जवळ्याची एक चिमूट पाईपाच्या तोंडाशी ठेवा. ओढून आत नेली तर जबडा कडक झालाय. पाठ दाबल्यावर न वाकेपर्यंत, मोठ्याला त्यासाठी आठवडाही लागतो, पाणी बदलू नका. कातेची तारीख आणि त्या दिवसाचे जीएच, केएच, टीडीएस, तापमान वहीत लिहा. पुढची कात बिघडली तर शोध इथूनच सुरू होतो.

वाढलेला क्रेफिश नको झाला किंवा पिल्लं झाली, तर हरिपूरच्या संगमावर, कऱ्हाडला किंवा उसाच्या पाटात नेऊन सोडू नका. भारतात मूळचा एकही क्रेफिश नाही, आणि २०१९, २०२१ सारखा पूर आला की पाटातला प्राणी कृष्णेत जायला वेळ लागत नाही. दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. नाहीतर डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा. मेलेला कुंडीत खोल पुरा, टाकीचं उपसलेलं पाणीही गटारीत नको, झाडांना.

नांगी गमावलेला नर विचित्र दिसतो, पण खातो-पितो. पुढच्या कातेला त्या जागी करंगळीएवढी नवी नांगी येते, तिच्या पुढच्या कातेला ती मोठी होते. दोन्ही बाजू जुळायला तीन काता, मोठ्या प्राण्याला वर्ष-सव्वा वर्ष.